पंडिता रमाबाई : घरची शाळा व शाळेचें घर

दर वर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली कीं पालकमंडळी आमच्याकडे येऊं लागतात, आणि निरनिराळ्या शब्दांत एकच प्रश्न आमच्यापुढें मांडतात. कोणाची बदली झालेली असते व मुलाची शाळा मध्येंच सोडवावी लागणार असते. कोणाच्या घरीं आजारपण आल्यामुळें थोरल्या मुलीस वर्षभर घरीं ठेवावें लागलेलें असतें, आणि आतां तिला लहान मुलींच्या वर्गांत बसविण्याचा संकोच वाटत असतो. कोणी आई आपल्या अशक्त मुलास घरींच शिकवीत आलेली असते, आणि त्याला प्रथमच शाळेच्या स्वाधीन करतांना तिचा जीव खालीं-वर होत असतो. आपण मुलाचें नुकसान तर करीत नाहीं ना, ही भीति सर्वांच्याच मनांत असते. घर बरें कीं शाळा बरी, या प्रश्नाचें सर्वांस लागू पडेल असें एकच उत्तर इतक्या वर्षांच्या शिक्षकीनंतरही आम्हांस सांपडलेलें नाहीं. परंतु या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पाडणारें एक चरित्र आपल्या महाराष्ट्राजवळ आहे. तें पंडिता रमाबाईंचें होय.

रमाबाईंची विद्वत्ता व त्यांचें केडगांवचें कार्य यांची माहिती आमच्या विद्यार्थ्यांस थोडीबहुत आहेच. या लेखांत आम्ही त्यांच्या आयुष्याकडे एकाच बाजूनें पाहणार आहों. त्या स्वतः कशा शिकल्या, आपल्या मुलीस त्यांनीं कसें शिकविलें, आणि पुढें शेंकडों परक्या मुलींची शाळा त्यांनीं कशी चालविली, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

या कथेचा आरंभ रमाबाईंच्या जन्मापूर्वींच झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणीं पुण्यांत रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशीं संस्कृत शिकत असत. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यांत पेशव्यांच्या पत्नीस शिकविण्यास जात. तेथें एका स्त्रीच्या मुखांतून शुद्ध संस्कृत श्लोक अनंतशास्त्र्यांच्या कानीं पडले, आणि आपल्या पत्नीसही असेंच शिकवावयाचें, असा त्यांनीं निश्चय केला. घरीं परत गेल्यावर त्यांनीं तसा प्रयत्न करूनही पाहिला. पण घरांतील वडील माणसांस तें रुचलें नाहीं, पत्नीसही त्याची गोडी लागली नाहीं, आणि तो बेत तसाच राहिला.

पुढें ही पहिली पत्नी वारली. शास्त्रीबुवा तीर्थयात्रेस गेले असतां गोदावरीच्या कांठीं एका यात्रेकरू ब्राह्मणाची गांठ पडली, आणि त्यानें आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांस दिली. तिचें सासरचें नांव लक्ष्मीबाई. वरवधूंच्या वयांत तीस वर्षांहून अधिक अंतर होतें. असा विवाह आज कोणीही योग्य म्हणणार नाहीं, आणि आम्हीही म्हणत नाहीं. तथापि त्या लहान मुलीच्या वाट्यास त्या काळीं दुर्मिळ असें एक भाग्य आलें. पतीनें तिला संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. लगेच गांवांत गवगवा झाला. स्त्रीला देवभाषा शिकविणें हा अधर्म आहे, असा आक्षेप आला. उडुपी येथें विद्वानांपुढें शास्त्रीबुवांनीं ग्रंथांचे आधार दाखवून आपली बाजू मांडली. तरीही घरांत व गांवांत स्वस्थपणें शिकवितां येईना, तेव्हां त्यांनीं घरच उचललें आणि सह्याद्रींतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत तें नेलें. पहिल्या रात्रीं डोक्यावर छप्पर नव्हतें. दरीपलीकडे वाघ ओरडत होता. ती मुलगी पासोडींत गुरफटून पडून राहिली, आणि शास्त्रीबुवा रात्रभर पहारा करीत जागे राहिले.

पुढें तेथें आश्रम उभा राहिला. विद्यार्थी येऊन राहूं लागले. लक्ष्मीबाईंची तयारी इतकी झाली कीं, पति बाहेर गेले असतां त्या स्वतःच विद्यार्थ्यांस पाठ देत. याच आश्रमांत २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. वाढलेल्या तीन भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. थोरली बहीण कृष्णाबाई व मधला भाऊ श्रीनिवास.

शिक्षणासाठीं राहतें ठिकाण बदलणारे पालक आजही भेटतात. शहरांत शाळा चांगली म्हणून खेड्यांतलें बिऱ्हाड मोडणारे बाप आम्हीं पाहिले आहेत. अनंतशास्त्री त्याच्या उलट दिशेनें गेले. ते गांव सोडून रानांत गेले. दिशा निराळी असली तरी निश्चय एकच होता. घरच्या माणसांस शिकवावयाचें हें ठरलें, आणि बाकीच्या सर्व गोष्टी त्यांनीं त्याभोंवतीं जुळवून घेतल्या.

परंतु आश्रम फार दिवस टिकला नाहीं. येणारेजाणारे, अतिथि, विद्यार्थी या सर्वांचा खर्च शास्त्रीबुवांच्या अंगावर पडला, व जवळचें द्रव्य संपलें. रमाबाई सुमारें सहा महिन्यांच्या असतां कुटुंब अरण्यांतून बाहेर पडलें. लहानग्या मुलीस वेताच्या पेटींत घालून माणसाच्या डोक्यावरून नेण्यांत आलें. तेव्हांपासून या कुटुंबास कायमचें घर असें राहिलेंच नाहीं. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास पायीं जावें, देवळांत किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावें, आणि श्रोते जें धान्य, वस्त्र, पैसा देतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम वर्षानुवर्षें चालला.

अशा फिरत्या संसारांत मुलांचें शिक्षण कसें व्हावें? वडील आतां थकले होते. थोरल्या मुलांस त्यांनीं स्वतः शिकविलें होतें. धाकटीसाठीं त्यांच्या अंगीं तेवढें बळ राहिलें नव्हतें. म्हणून गुरूची जागा आईनें घेतली. रमाबाईंच्या आठव्या वर्षापासून सुमारें पंधराव्या वर्षापर्यंत लक्ष्मीबाईंनीं त्यांस शिकविलें. दिवसभर घरकाम, चालणें व पुराण यांत वेळ जाई, म्हणून पहाटेची वेळ त्यांनीं अभ्यासासाठीं राखून ठेविली. झोपेनें जड झालेल्या मुलीस आई उठवी, लाडक्या शब्दांनीं गोंजारी, आणि पांखरांच्या किलबिलाटांत पाठ सुरू होई. पुस्तक बहुधा नसेच. आईच्या मुखांतून श्लोक यावा, मुलीनें तो म्हणावा, आणि अर्थासह मनांत सांठवावा. या रीतीनें व्याकरण, कोश व भागवतांतील हजारों श्लोक रमाबाईंस मुखोद्गत झाले. ज्या देशांतून प्रवास होई, त्या देशाची भाषा कानांवरून शिकतां आली. मराठी तर आईबापांच्या तोंडची भाषा होती. तिच्याखेरीज कानडी, हिंदी व पुढें बंगाली याही भाषा त्यांस अवगत झाल्या.

शिक्षणाच्या बाबतींत अनंतशास्त्री हट्टी होते, तरी एका बाबतींत त्यांनीं अनुभवानें आपलें मत बदललें. थोरल्या कृष्णाबाईचा विवाह त्यांनीं रूढीप्रमाणें लहानपणींच करून दिला होता. जांवयासही आपल्याच घरीं शिकवावें, असा त्यांचा हेतु होता. पण तो मुलगा शिकला नाहीं, आणि त्या विवाहापासून कृष्णाबाईस दुःखच झालें. ही चूक धाकट्या मुलीच्या बाबतींत करावयाची नाहीं, असें त्यांनीं ठरविलें, आणि लोकनिंदा सोसून रमाबाईंस अविवाहित ठेवून शिकूं दिलें. एका मुलास जें केलें तेंच दुसऱ्यास केलें पाहिजे, असा पुष्कळ आईबापांचा समज असतो. पहिल्या मुलाचा अनुभव पदरीं असतां तो न वापरणें म्हणजे न्याय नव्हे, हें शास्त्रीबुवांस कळलें होतें.

येथपर्यंत घरच्या शिक्षणाची थोरवी झाली. आतां त्याची उणीवही सांगितली पाहिजे, कारण ती रमाबाईंनीं स्वतःच पुढें स्पष्टपणें लिहून ठेविली आहे. वडिलांनीं मुलांस बाहेरच्या जगाचा वारा लागूं दिला नव्हता. इंग्रजी किंवा इतर कोणतीही लौकिक विद्या त्यांस दिली नव्हती, आणि हातानें करण्याचा कोणताही धंदा शिकविला नव्हता. पुराण सांगून पोट भरेल, असा त्यांचा भरंवसा होता. पुढें मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. ज्यांस स्वतःस खावयास मिळत नाहीं, ते पुराणिकास काय देणार? जवळचें किडूकमिडूक विकून झालें. भीक मागण्याची लाज वाटे, मजुरी करण्याची संवय नव्हती, आणि दुसरा उद्योग ठाऊक नव्हता. संस्कृतांतील इतकें ज्ञान असलेलें तें कुटुंब रानांतला पाला खाऊन व पाणी पिऊन कित्येक दिवस राहिलें. १८७४ सालीं वडील वारले. त्यांच्यामागून सुमारें दीड महिन्यानें आई गेली. आईची तिरडी उचलण्यास माणसें मिळेनात. मोठ्या प्रयासानें दोघे ब्राह्मण आले, आणि त्यांच्याबरोबर भावानें व रमाबाईंनीं ती उचलली. रमाबाई उंचीनें लहान, म्हणून खांद्याऐवजीं त्यांस तो भार डोक्यावर घ्यावा लागला. पुढच्या सालीं कृष्णाबाईही पटकीनें गेली.

या दुःखांतून रमाबाईंनीं आईबापांवर राग धरला नाहीं. आईविषयीं त्यांस आमरण आदर वाटे. पण पोथीबरोबर हातालाही विद्या पाहिजे, हा धडा त्यांच्या मनावर इतका खोल उमटला कीं, पुढें वीस वर्षांनीं केडगांवास तो फळास आला. तो प्रसंग पुढें येईलच.

उरलेलीं दोघें बहीणभावंडें पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. वीस वर्षांची एक मुलगी संस्कृतांत भाषण करते व भागवत तोंडपाठ म्हणते, हें पाहून तेथील पंडितमंडळी थक्क झाली. त्यांनीं परीक्षा घेऊन रमाबाईंस पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. ज्या मुलीनें शाळेची पायरी कधीं पाहिली नव्हती, तिला विद्वानांच्या सभेनें मान दिला. घरच्या शिक्षणाची याहून मोठी परीक्षा कोणती असणार?

१८८० सालीं भाऊ श्रीनिवास डाक्का येथें वारला. त्याच सालीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. पति निराळ्या जातीचे व निराळ्या प्रांताचे होते. १८८१ सालच्या एप्रिल महिन्यांत त्यांस मुलगी झाली. तिचें नांव मनोरमा. सुखाचे दिवस दोन वर्षेंही टिकले नाहींत. ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पति पटकीनें वारले, आणि दहा महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन रमाबाई जगांत एकट्या उभ्या राहिल्या.

त्या पुण्यास आल्या. त्याच सालीं त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला, व स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें. सरकारनें नेमलेल्या शिक्षणविषयक हंटर कमिशनापुढें त्यांनीं साक्ष दिली. मुलींस शिकविण्यासाठीं स्त्रीशिक्षक तयार करावे, आणि स्त्रियांस औषधपाणी देण्यासाठीं स्त्रियांसच वैद्यकाचें शिक्षण द्यावें, असें त्यांचें म्हणणें होतें. लोकांस उपदेश करून त्या स्वस्थ बसल्या नाहींत. आपणच वैद्यक शिकावें असें त्यांनीं ठरविलें. त्यासाठीं इंग्रजी आलें पाहिजे, म्हणून चोविसाव्या वर्षीं त्या इंग्रजी मुळाक्षरांपासून शिकूं लागल्या. पंडिता ही पदवी मिळालेल्या स्त्रीस पुन्हां विद्यार्थिनी होण्याची लाज वाटली नाहीं. वर्षभर घरीं राहिल्यानें लहान मुलींच्या वर्गांत बसण्यास लाजणाऱ्या आमच्या विद्यार्थिनींनीं हें लक्षांत ठेवावें.

१८८३ सालीं मनोरमेस घेऊन रमाबाई इंग्लंडास गेल्या, आणि वाँटेज येथील भगिनीमंडळाच्या आश्रमांत राहिल्या. तेथेंच २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पण ज्या वैद्यकासाठीं एवढा समुद्र ओलांडला, तें मात्र साधलें नाहीं. रमाबाईंस ऐकूं कमी येऊं लागलें होतें, आणि बहिरेपणामुळें त्यांस वैद्यकाचा मार्ग बंद झाला. मोठा बेत मोडला म्हणजे पुष्कळ माणसें खचतात. रमाबाईंनीं दुसरा मार्ग धरला. चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजांत त्यांनीं १८८४ ते १८८६ या काळांत संस्कृत शिकविलें, आणि तेथेंच इंग्रजी वाङ्मय, गणित व सृष्टिशास्त्र यांचा अभ्यास केला. एका वर्गांत गुरु व दुसऱ्या वर्गांत शिष्य, असा त्यांचा दिनक्रम होता. त्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील या त्यांच्या हितचिंतक होत्या.

या काळांत मनोरमा बहुतेक वाँटेज येथें भगिनींपाशीं राहिली. आईस अभ्यास करावयाचा, नोकरी करावयाची, आणि पदरीं तीनचार वर्षांचें मूल. दुसरा उपाय नव्हता. भगिनींनीं मुलीवर माया केली. पण मुलीस काय शिकवावें, कोणती प्रार्थना म्हणावयास लावावी, कोणत्या रीतीनें वाढवावें, हें आपणांस विचारल्यावांचून ठरूं नये, असा रमाबाईंचा आग्रह होता. यावरून त्यांचा व भगिनींचा पत्रव्यवहार झाला, आणि तो कांहीं वेळां कडकही झाला. ज्यांचें अन्न आपण खातों व ज्यांनीं आपणांस आश्रय दिला, त्यांस नाहीं म्हणणें सोपें नसतें. तरी आई म्हणून आपला हक्क रमाबाईंनीं सोडला नाहीं. आपली मुलगी हिंदुस्थानची मुलगी म्हणून वाढावी, तिला आपल्या देशबांधवांची लाज वाटूं नये, अशी त्यांची इच्छा होती. शिकविणाऱ्यांचे उपकार मानावे, पण मूल आपलें आहे ही जबाबदारी त्यांच्यावर ढकलूं नये, हें आम्ही शिक्षक असूनही पालकांस सांगतों. शाळेंत मूल घातलें म्हणजे आपलें काम संपलें, असें समजणारे पालक शाळेस हवेसे वाटत असतील, तर ती शाळेची चूक आहे.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथें डॉक्टर झाल्या. त्या समारंभास रमाबाई अमेरिकेस गेल्या, आणि थोड्या दिवसांसाठीं म्हणून गेलेल्या त्या दोन वर्षांहून अधिक काळ तेथें राहिल्या. तेथें त्यांनीं आणखी एक नवी विद्या हस्तगत केली. फ्रोबेल या जर्मन शिक्षकाची बालोद्यानपद्धति त्या काळीं अमेरिकेंत पसरत होती. चेंडू, ठोकळे, गाणीं व खेळ यांच्या द्वारें लहान मुलांस शिकवावें, मुलास बागेंतल्या रोपाप्रमाणें वाढूं द्यावें, असें तिचें तत्त्व होतें. रमाबाईंनीं ती पद्धति फिलाडेल्फियांत रीतसर शिकून घेतली, आणि तिच्या धर्तीवर मुलींसाठीं मराठी क्रमिक पुस्तकें तयार करण्यास घेतलीं. ज्यांचें स्वतःचें सर्व शिक्षण पाठांतरानें झालें होतें, त्यांनीं खेळांतून शिकविण्याची रीत आपलीशी करावी, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. आपण ज्या छडीखालीं शिकलों तीच छडी मुलांवर उगारणें, हा मनुष्याचा सहज स्वभाव आहे.

१८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीविषयीं त्यांचें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याच सालीं बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झालें, आणि त्याच्या साहाय्यानें ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडण्यांत आलें. हें सदन मुख्यत्वें विधवा मुलींकरितां होतें. त्या काळीं बालविधवेचें माहेर तिला ओझें मानी, सासर अपशकुनी मानी, आणि शाळा तर तिच्यासाठीं नव्हतीच. तेव्हां अशा मुलींस नुसती शाळा देऊन भागण्यासारखें नव्हतें. आधीं घर दिलें पाहिजे होतें. रमाबाईंनीं शाळेसच घर केलें. मुलींनीं आपापल्या जातीच्या रीतीप्रमाणें जेवावें, आपापला धर्म पाळावा, अशी मोकळीक होती. बाग होती, खेळ होते, मोकळेपणानें हंसण्याबोलण्यास जागा होती. आरंभीं दाखल झालेल्या विधवांपैकीं गोदूबाई या एक होत्या. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं त्यांचा पुनर्विवाह झाला, व पुढें त्या आनंदीबाई कर्वे या नांवानें प्रसिद्ध झाल्या. अण्णासाहेब कर्व्यांनीं स्त्रीशिक्षणाचें केवढें कार्य केलें, हें महाराष्ट्र जाणतो.

१८९० सालीं शारदासदन पुण्यास आलें, आणि १८९३ सालीं त्यावर मोठें वादळ आलें. रमाबाई स्वतः ख्रिस्ती रीतीनें प्रार्थना करीत, तेव्हां खोलीचें दार उघडें असे, आणि कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसूं लागल्या. ज्या संस्थेनें धर्माच्या बाबतींत तटस्थ राहण्याचें वचन दिलें आहे, तेथें हें होऊं नये, असें पुण्यांतील पुढाऱ्यांचें म्हणणें पडलें. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर हे सल्लागार दूर झाले, आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. आम्ही ख्रिस्ती आहों; तरी आमच्या वाचकांत सर्व धर्मांचे पालक आहेत, हें आम्ही विसरत नाहीं. म्हणून या प्रकरणांत दोन्ही बाजूंचें दुःख आम्हांस दिसतें. वाँटेज येथें रमाबाईंनीं आईच्या ज्या हक्कासाठीं आग्रह धरला, त्याच हक्कानें हे पालक आपल्या मुली घेऊन गेले. दुसऱ्या बाजूनें पाहतां, त्यांतील कित्येक मुलींस पुढें शाळाही राहिली नाहीं व मोकळेपणाचें घरही राहिलें नाहीं. वडील माणसांच्या वादांत मुलांची पाटी फुटते, ही गोष्ट तेव्हांही खरी होती व आजही खरी आहे.

यानंतर तीन वर्षांनीं, १८९६ सालीं, मध्यप्रांतांत घोर दुष्काळ पडला. बातमी ऐकतांच रमाबाईंस आपल्या बालपणाचा दुष्काळ आठवला. त्या स्वतः तिकडे गेल्या, आणि उपाशी, निराधार अशा सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुणें व दौंड यांच्या दरम्यान लोहमार्गावर केडगांव येथें त्यांनीं जमीन घेऊन ठेविली होती. पुण्यांत प्लेगाची सांथ सुरू असल्यामुळें या सर्वांस तेथेंच ठेवावें लागलें. याच वसाहतीस पुढें मुक्ति हें नांव मिळालें. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या हजारावर गेली.

शारदासदनाची शिक्षणपद्धति या मुलींस जशीच्या तशी लागू करतां येण्यासारखी नव्हती. त्या निरनिराळ्या जातींच्या, निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या होत्या. कित्येकींनीं अक्षर कधीं पाहिलेंच नव्हतें, आणि उपासमारीनें शरीरें व मनें दोन्ही खंगलीं होतीं. रमाबाईंनीं पुन्हां एकदां आपली शाळा नवीन गरजेप्रमाणें बदलली. शिकलेल्या मुलींनीं न शिकलेल्यांस शिकवावें, असा प्रघात पाडला. लिहिण्यावाचण्याच्या जोडीला शेती, गाईंची निगा, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, स्वयंपाक, छापखान्याचें काम असे उद्योग सुरू केले. आपल्या हातानें भाकरी मिळविण्याची शक्ति नसलेल्या विद्येनें आपल्या आईबापांचे काय हाल झाले, हें त्यांनीं पाहिलें होतें. तसे हाल आपल्या मुलींचे होऊं नयेत, अशी ही व्यवस्था होती. या मुलींनीं खिळे जुळविले, कागद छापले व पुस्तकें बांधलीं. रमाबाईंनीं मूळ भाषांवरून केलेलें बायबलाचें मराठी भाषांतरही याच छापखान्यांत छापलें गेलें.

आतां मनोरमेकडे वळूं. तिचें शिक्षण कोणत्याही एका ठिकाणीं झालें नाहीं. कधीं आईपाशीं, कधीं वाँटेजच्या भगिनींपाशीं, कधीं हिंदुस्थानांत, आणि मोठी झाल्यावर अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानाच्या एका विद्यालयांत, असें तें तुकड्यातुकड्यांनीं झालें. हें पाहून कोणासही वाटेल कीं, या मुलीची आबाळ झाली असावी. पण परिणाम पाहावा. मनोरमाबाई परत येऊन आईच्या कामांत सामील झाल्या, व शारदासदनाच्या शाळेच्या प्रमुख झाल्या. मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी त्यांनीं मिळविली. ब्रेल लिपीच्या साहाय्यानें मुक्तींतील अंध मुलींस वाचावयास शिकविण्याचें काम त्यांनीं केलें. १९१२ सालीं गुलबर्गा येथें मुलींची शाळा काढण्यांत त्यांनीं आईस हातभार लावला. शाळा बदलल्या, देश बदलले, शिकविणारीं माणसें बदललीं. पण प्रत्येक बदलाच्या वेळीं या मुलीस आतां काय पाहिजे, याचा विचार करणारी आई तिच्या पाठीशीं होती, आणि तीच एक गोष्ट बदलली नाहीं.

१९२१ सालीं, चाळिसाव्या वर्षीं, मनोरमाबाई वारल्या. सारें कार्य जिच्या हातीं सोंपवावयाचें, ती मुलगी आईआधीं गेली. रमाबाईंनीं हा आघात सोसला, व भाषांतराचें उरलेलें काम पुढें चालविलें. तें पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. त्यांची केडगांवची संस्था आजही निराधार स्त्रिया व मुलें यांची सेवा करीत आहे.

वाचकहो, या चरित्रांत आम्हांस घर व शाळा यांचें भांडण कोठेंच दिसत नाहीं. लक्ष्मीबाईंनीं पहाटेच्या अंधारांत जें दिलें, तें कोणतीही शाळा देऊं शकली नसती. चेल्टनहॅमच्या वर्गांत जें मिळालें, तें घरीं मिळालें नसतें. घरच्या विद्येंत जें उणें होतें, तें रमाबाईंनीं शाळेंत भरून काढलें, आणि शाळेंत जें उणें होतें, तें त्यांनीं शाळेस घर करून भरून काढलें. कुटुंबावर जशी वेळ आली, तशी शिक्षणाची रीत बदलली. शिक्षण मात्र एक दिवसही थांबूं दिलें नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी आहे. यंदां मुलास घरीं ठेवावें लागलें तर खुशाल ठेवा, पण दिवसांतली एक वेळ, लक्ष्मीबाईंच्या पहाटेप्रमाणें, त्याच्या अभ्यासाची म्हणून राखून ठेवा. पुढील वर्षीं शाळेंत धाडतां आलें तर संकोच न करतां धाडा. आम्ही त्याला हंसूं देणार नाहीं. एका मुलास जें मानवलें तें दुसऱ्यास मानवेलच असें धरून चालूं नका. आणि पूर्वीं केलेली निवड चुकली असें दिसलें, तर अनंतशास्त्र्यांप्रमाणें ती सुधारा.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस शाळेंत पाठविण्यासाठीं तुमच्या आईबापांनीं काय काय सोडलें आहे, हें तुम्हांस बहुधा ठाऊक नसतें. वाघाच्या ओरडण्यांत रात्र जागून काढणारा बाप आणि चालून थकल्यावरही पहाटे उठणारी आई प्रत्येकाच्या घरीं कोणत्या ना कोणत्या रूपानें असतेच. आज घरीं गेल्यावर त्यांस एवढेंच विचारा, कीं तुम्ही कसे शिकलां. उत्तर ऐकल्यावर उद्यांचा पाठ तयार करण्यास तुम्हांस आमच्या सांगण्याची गरज पडणार नाहीं.